वाक्य, अर्थ आणि स्वत्व

(श्रीरामपूर येथे मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश.)



3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी महाराष्ट्रात सर्वत्र आनंद व्यक्त झाला आणि तो योग्यच होता. परंतु दर्जा म्हणजे पूर्वजांच्या कर्तृत्वाला मिळालेली पावती होय. तीवर आपण केवळ वारस म्हणून सही करीत असतो. आपल्या पिढीने त्या धनात कोणती भर घातली, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्या प्रश्नाचा एक लहानसा, पण मूलभूत भाग आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो आहे वाक्याचा आणि त्याच्या अर्थाचा. भाषाशास्त्रज्ञ ज्याला वाक्यविन्यास आणि अर्थविचार म्हणतात, त्या शास्त्राचा आपल्याशी काय संबंध आहे, हे पाहावयाचे आहे.

डोमेग्राम आणि नेवासे

हा विषय श्रीरामपुरात मांडण्याचे औचित्य मोठे आहे. आपल्याच तालुक्यातील कमालपूर म्हणजे महानुभाव वाङ्मयातील डोमेग्राम. तेथे श्रीचक्रधरस्वामींचे वास्तव्य झाले. येथून जवळच प्रवरेकाठी नेवासे आहे. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठी भाषा शास्त्राचा भार पेलू शकते, ही गोष्ट या दोन नद्यांच्या परिसरात प्रथम सिद्ध झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर जे घडले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. स्वामींची वचने शिष्यांनी जपली. पण गुरू समोर नसताना वचनाचा नेमका अर्थ कोणता, हे ठरवायचे कसे? कोणते पद कोणत्या पदाशी जोडायचे, कर्ता कोण, कर्म कोणते, याचा निर्णय झाल्याशिवाय अर्थनिर्णय होत नाही. महानुभाव पंथात वचनांच्या सूक्ष्म विवरणाची मोठी परंपरा उभी राहिली. त्याच परंपरेतील भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे पहिले ज्ञात व्याकरण मानले जाते. अर्थ हरवू नये, या निष्ठेपोटी मराठीच्या व्याकरणाचा विचार सुरू झाला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. परीक्षेतील गुणांशी त्याचा काही संबंध नव्हता.

एक प्रत्यय, अनेक अर्थ

आता आपल्या घरातील वाक्यांकडे वळू. शाळेत आपण सर्वांनी विभक्तीचे प्रत्यय तालावर पाठ केले. द्वितीया-चतुर्थीचा ‘ला’ सर्वांना ठाऊक आहे. आता ही पाच वाक्ये पाहा. ‘आजोबांनी नातवाला बोलावले.’ ‘आजोबांनी नातवाला ऊस दिला.’ ‘नातवाला ताप आला.’ ‘नातू नेवाशाला गेला.’ ‘नातू पाचला परतला.’ प्रत्यय एकच आहे. पण पहिल्या वाक्यात तो ज्याला बोलावले ते कर्म दाखवतो, दुसऱ्यात ज्याला दिले तो घेणारा, तिसऱ्यात ज्याला भोगावे लागते तो अनुभव घेणारा, चौथ्यात पोहोचण्याचे ठिकाण आणि पाचव्यात वेळ.

याच्या उलट बाजूही आहे. ‘आजोबांनी कोयत्याने ऊस तोडला’ या वाक्यात ‘आजोबांनी’ आणि ‘कोयत्याने’ ही दोन्ही पदे तृतीयेचीच आहेत. पण एक तोडणारा आहे आणि दुसरे तोडण्याचे साधन. चार वर्षांचे मूलसुद्धा यात गोंधळत नाही. कोयत्याने आजोबांना हाती धरून ऊस तोडला, असा अर्थ ते कधीही करीत नाही. हे ज्ञान त्याला कोणी शिकवले? ते कोणत्या नियमांच्या रूपाने त्याच्या मनात वसते? आधुनिक भाषाशास्त्राचा हाच मुख्य प्रश्न आहे, आणि त्याला पहिले सुव्यवस्थित उत्तर देण्याचा मान आपल्या परंपरेकडे जातो.

पाणिनींची योजना

इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास, सिंधूच्या परिसरात शलातुर या गावी पाणिनी होऊन गेले. ते स्थान आज पाकिस्तानात आहे. त्यांच्या अष्टाध्यायीत सुमारे 4000 सूत्रे आहेत. त्यांतील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कारकांचा विचार येतो. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. कर्त्याला क्रियेने जे सर्वांत अधिक गाठायचे असते ते कर्म. जे सर्वांत अधिक साहाय्य करते ते करण. याच रीतीने संप्रदान, अपादान आणि अधिकरण यांची व्यवस्था लावली आहे.

येथे पाणिनींनी केलेला विवेक अपूर्व आहे. कारक म्हणजे विभक्ती नव्हे. कारक हे पदार्थ आणि क्रिया यांच्यातील नाते आहे. विभक्ती हे त्या नात्याचे बाहेर दिसणारे चिन्ह आहे. ‘रामः ग्रन्थं पठति’ आणि ‘रामेण ग्रन्थः पठ्यते’ या दोन्ही वाक्यांत राम कर्ताच आहे आणि ग्रंथ कर्मच आहे. पहिल्यात क्रियापदाचा प्रत्यय कर्त्याची सूचना देतो, म्हणून कर्त्याला वेगळ्या तृतीयेची गरज उरत नाही. दुसऱ्यात तो कर्माची सूचना देतो, म्हणून कर्म प्रथमेत येते आणि कर्ता तृतीयेत जातो. एका ठिकाणी जे सांगून झाले ते दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सांगायचे नाही, या एका तत्त्वावर ही सारी व्यवस्था उभी आहे.

आणखी एक सूक्ष्मता पाहा. कारक हे केवळ वस्तुस्थितीवर अवलंबून नसते. बोलणाऱ्याला काय सांगायचे आहे, यावरही ते अवलंबून असते. याला वैयाकरण ‘विवक्षा’ म्हणतात. कोयता हे साधन खरे. पण ‘हा कोयता झटक्यात ऊस तोडतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोयत्यालाच कर्तेपण देतो. जग जसे आहे आणि भाषा ते जसे मांडते, यांतील अंतर आपल्या आचार्यांनी इतक्या प्राचीन काळी ओळखले होते.

1957 साली अमेरिकेत नोम चॉम्स्की यांच्या वाक्यविन्यासावरील पुस्तकाने भाषाशास्त्रात नवे युग सुरू झाले. 1965 च्या पुढील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पाणिनींच्या व्याकरणाचा उल्लेख, आपण मांडत असलेल्या प्रकारच्या व्याकरणाचाच एक नमुना, अशा अर्थाने केला. 1969 मध्ये पॉल किपार्स्की आणि फ्रिट्स स्टाल यांनी पाणिनींतील वाक्यसंबंध आणि अर्थसंबंध यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अर्थ, कारक, विभक्ती आणि उच्चार अशा पायऱ्यांनी पाणिनींची रचना उतरत येते, अशी मांडणी त्यांनी केली. पाश्चात्त्य व्याकरणात ज्याच्यावाचून पान हलत नाही ती ‘उद्देश्य’ ही संकल्पना पाणिनींना लागतच नाही, हेही अभ्यासकांच्या ध्यानी आले.

पुण्याची तपश्चर्या

या संशोधनाचे एक मोठे केंद्र आपल्या पुण्यात होते, हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पतंजलींच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विसाव्या शतकात महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी महाभाष्य मराठीत आणले आणि त्याचे खंड डेक्कन एज्युकेशन सोसायटीने प्रकाशित केले. ज्या ग्रंथासाठी पूर्वी काशीला जाऊन वर्षानुवर्षे अध्ययन करावे लागे, तो मराठी वाचकाच्या हाती आला.

पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्रातील प्रा. शिवराम दत्तात्रेय जोशी हे याच परंपरेतील थोर नाव. शास्त्राचा पारंपरिक व्यासंग आणि हार्वर्ड येथे डॅनियल इंगॉल्स यांच्याकडील संशोधन, असा दुहेरी संस्कार त्यांच्यावर होता. 1968 मध्ये त्यांनी महाभाष्यातील समर्थाह्निकाचे भाषांतर आणि विवरण प्रसिद्ध केले. पुढे डच विद्वान रूडबर्गेन यांच्या सहकार्याने त्यांनी अनेक आह्निके प्रकाशात आणली; 1975 मध्ये कारकाह्निक आले. 1979 मध्ये किपार्स्कींचा पाणिनीविषयक ग्रंथ पुणे विद्यापीठ आणि एमआयटी यांनी संयुक्तपणे प्रकाशित केला, त्याचे संपादक जोशीच होते.

समर्थाह्निकाचा विषय आपल्या परिसरातील उदाहरणाने सांगतो. ‘साखरेचा कारखाना’ हे दोन सुटे शब्द. ते एकमेकांची अपेक्षा ठेवतात. याला महाभाष्यात ‘व्यपेक्षा’ म्हटले आहे. ‘साखर कारखाना’ झाला की दोन अर्थ विरघळून एक होतात, तो ‘एकार्थीभाव’. आता ‘जुना’ हे विशेषण जोडा. ‘जुन्या साखरेचा कारखाना’ म्हटले तर साखर जुनी ठरते. ‘जुना साखर कारखाना’ म्हटले की जुनेपण कारखान्याकडेच जाते. ते समासाच्या आत शिरून साखरेला चिकटू शकत नाही. असे का व्हावे? शब्दांच्या अर्थांचे परस्परसामर्थ्य असेल तरच त्यांची व्याकरणिक जोडणी होते, हे पाणिनींचे तत्त्व. आणि ते सामर्थ्य म्हणजे नेमके काय, यावर पतंजलींनी केलेली चर्चा म्हणजे समर्थाह्निक. वाक्याची रचना आणि वाक्याचा अर्थ एकमेकांना कोठे बांधून ठेवतात, याचा हा शोध आहे.

प्रा. जोशी यांचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. अष्टाध्यायीचा काही भाग पाणिनींनंतर समाविष्ट झाला असावा, असे मत त्यांनी आणि रूडबर्गेन यांनी मांडले. जॉर्ज कार्डोना यांच्यासारख्या विद्वानांना ते मान्य झाले नाही. वाद झाला आणि तो ग्रंथांच्या पानांवर, प्रमाणे देऊन झाला. ज्याने आयुष्य पाणिनींना वाहिले, त्यालाच पाणिनींच्या ग्रंथाची चिकित्सा करण्याचे धैर्य होते. कात्यायनांनी पाणिनींना प्रश्न विचारले, पतंजलींनी कात्यायनांना विचारले. श्रद्धा आणि चिकित्सा यांचे वैर आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते.

मराठीचे स्वतःचे रूप

परंतु मराठी म्हणजे संस्कृतची छाया नव्हे. तिचे स्वतःचे वाक्यशास्त्र आहे. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर मार्मिक निबंध लिहिले. 1911 मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. कविवर्य केशवसुतांचे हे धाकटे बंधू. पूर्वसूरींच्या मतांची छाननी करीत मराठीच्या प्रयोगव्यवस्थेचा त्यांनी घेतलेला धांडोळा आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. पुढे अरविंद मंगरूळकर, कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संस्कृतचा साचा मराठीवर किती लादावा, हा प्रश्न नेटाने मांडला.

प्रयोगव्यवस्थेतील एकच गंमत सांगतो. ‘आजीने लाडू खाल्ला’, ‘आजीने पोळी खाल्ली’, ‘आजीने थालीपीठ खाल्ले’. क्रियापद खाणाऱ्या आजीकडे पाहत नाही, खाल्लेल्या पदार्थाचे लिंग पाहते. हा कर्मणी प्रयोग. आता ‘तू’ आणा. ‘तू लाडू खाल्लास’, ‘तू पोळी खाल्लीस’, ‘तू थालीपीठ खाल्लेस’. क्रियापद पदार्थाचे लिंग तर दाखवतेच, शिवाय शेवटच्या ‘स’ने ‘तू’चीही दखल घेते. एकाच क्रियापदाने कर्ता आणि कर्म दोघांचाही मान राखला. आपल्या वैयाकरणांनी याला संकर प्रयोग म्हटले. हिंदीत ‘तूने रोटी खाई’ म्हणताना अशी खूण राहत नाही. जगातील भाषाशास्त्रज्ञ मराठीकडे कुतूहलाने पाहतात, ते अशा रचनांसाठी.

दुसरे उदाहरण. ‘नातवाला आपली आजी आवडते.’ येथे ‘आवडते’ हे क्रियापद आजीप्रमाणे चालते. मग वाक्याचा धनी कोण, आजी की नातू? ‘आपली’ या शब्दाला विचारा. स्वतःचा या अर्थाचा ‘आपला’ सामान्यतः वाक्याच्या धन्याकडे बोट दाखवतो. ‘आजीने नातवाला आपल्या खोलीत नेले’ म्हटले की खोली आजीची. पण पहिल्या वाक्यात ‘आपली’ म्हणजे नातवाचीच. म्हणजे ‘ला’ प्रत्यय लागलेला, क्रियापदाने बाजूला ठेवलेला नातू आतून वाक्याचा धनी आहे. भारतीय भाषांतील या अनुभवकर्त्यावर 1990 मध्ये मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. मराठीच्या वाक्यरचनेवर काशी वाली, राजेश्वरी पंढरीपांडे, रमेश धोंगडे अशा अभ्यासकांनी इंग्रजीत मोलाचे काम केले आहे. आणि पाणिनी? आवडणे या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला आवडते त्याची वेगळी व्यवस्था लावणारे सूत्र त्यांनी आधीच करून ठेवले होते. त्याला त्यांनी संप्रदान म्हटले.

अफवा आणि अभ्यास

आता थोडे कटू बोलतो, आपल्याच घरात बोलतो आहे म्हणून. ‘संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने जाहीर केले’ हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो, भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवतो. मूळ गोष्ट अशी आहे. 1985 मध्ये नासाच्या एम्स केंद्राशी संलग्न संस्थेतील रिक ब्रिग्ज या संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. वाक्याचा अर्थ संदिग्धता टाळून विशद करण्याची आपल्या वैयाकरणांची शाब्दबोधाची पद्धत आणि संगणकात अर्थ साठवण्यासाठी आखली जाणारी जाळी यांत त्याला साम्य आढळले. नैसर्गिक भाषाही कृत्रिम भाषेचे काम करू शकते, हा त्याचा मुद्दा होता. ते एका संशोधकाचे मत होते. नासाचा निर्णय नव्हता. आजची बोलकी संगणकप्रणाली तर अफाट मजकुरावरून शिकते. तिच्या मुळाशी अष्टाध्यायीची सूत्रे भरलेली नाहीत.

अफवेने आपण काय गमावतो पाहा. ब्रिग्जने ज्या शाब्दबोधाकडे लक्ष वेधले, त्या शास्त्राचा एक मुकुटमणी म्हणजे काशीतील नागेशभट्ट काळे, मूळचे महाराष्ट्रीय. नासाचे नाव घेणाऱ्या किती जणांनी नागेशभट्टांचे नाव ऐकले आहे? संगणकाच्या क्षेत्रात खरे काम झाले आहे, तेही आपण सांगत नाही. अक्षर भारती या गटातील विनीत चैतन्य, राजीव संगल यांनी 1995 मध्ये पाणिनीय दृष्टीने भारतीय भाषांच्या संगणकीय विश्लेषणाचा ग्रंथ लिहिला. हैदराबादच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत हिंदी वाक्यांचे पृथक्करण करताना कर्त्याला ‘के-1’, कर्माला ‘के-2’ अशी चिन्हे दिली गेली. त्यातील ‘के’ म्हणजे कारक. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी संस्कृत वाक्यांच्या विश्लेषणाची साधने उभी केली. हे सत्य अफवेहून लहान दिसते, पण ते टिकाऊ आहे. खोट्या दाखल्यावर उभा केलेला अभिमान एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नालाच कोसळतो, आणि कोसळताना खऱ्या वैभवावरचा विश्वासही घेऊन जातो.

शब्दशुद्धीच्या पुढे

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. दिनांक, महापौर, चित्रपट हे शब्द आज आपण सहज वापरतो, हे त्या चळवळीचे यश. आज आक्रमण शब्दाच्याही पुढे, वाक्याच्या सांगाड्यापर्यंत पोहोचले आहे. ‘मी त्याला मदत केली’ याऐवजी ‘मी त्याची मदत केली’, ‘तो मला भेटला’ याऐवजी ‘तो माझ्याशी भेटला’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. शब्द सारे मराठी, पण रचना हिंदीची. परका शब्द पाहुण्यासारखा असतो. तो ओळखता येतो. परकी रचना ओळखू येत नाही, कारण तिने आपलेच कपडे घातलेले असतात. हिंदी आपलीच भगिनी आहे, तिचा द्वेष नको. भाषा बदलते, हेही खरे. पण काय बदलते आहे हे ज्याला दिसत नाही, तो त्या बदलाविषयी निर्णय घेऊच शकत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, घरात. मुलाने चुकीचे वाक्य म्हटले तर रागावू नका. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा आणि फरक त्यालाच शोधू द्या. मुलांना हा खेळ फार आवडतो. दुसरी, शाळेत. विभक्तीचे तक्ते पाठ करून घेण्याआधी शिक्षकांनी ‘ला’ची पाच वाक्ये फळ्यावर लिहावीत. तिसरी, गावात. दामल्यांचे व्याकरण आणि अभ्यंकरशास्त्रींचे महाभाष्याचे खंड आपल्या ग्रंथालयात आहेत का, ते पाहावे. नसतील तर आणावेत, आणि पाच-सात जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचावेत. आपल्या तालुक्यातील ऊसतोड कामगार, मेंढपाळ, वेगवेगळ्या भागांतून आलेली कुटुंबे यांच्या बोलीतील वाक्ये जमा करावीत. ती अद्याप कोणी नीट तपासलेली नाहीत. त्यासाठी हार्वर्डला जाण्याची आवश्यकता नाही. वही, कान आणि चिकाटी पुरेशी आहे.

आपल्या मुलांपैकी एखादा, एखादी भाषाशास्त्र शिकेन म्हणाली, तर ‘त्यात नोकरी काय मिळणार’ हा प्रश्न लगेच विचारू नका. नोकरीचा विचार अवश्य करा. पण कीलहॉर्न आणि रूडबर्गेन यांनी दूर देशांतून येऊन ज्या शास्त्रासाठी आयुष्य वेचले, त्यासाठी आपल्या घरातून एकही जण निघू नये, हे अभिजात म्हणवणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. डोमेग्रामच्या शिष्यांनी गुरूचा शब्द जपला, कारण त्यांना अर्थाची चाड होती. तीच चाड आपल्या मराठीविषयी आपल्या ठायी जागी राहो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.